मेणबत्ती कंपनीच्या कीर्दवहीचे पान बेचाळीस

मी एक जुनी कीर्दवही आहे. सध्या ग्रीसमधल्या व्होलोस बंदरावरच्या एका छोट्या हॉटेलात, स्वागताच्या टेबलावर शोभेची वस्तू म्हणून उघडी पडले आहे. शेजारी प्लास्टिकच्या लिंबांची परडी असते. मी तिच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, माझा जन्म अथेन्समधल्या एका वह्यांच्या कारखान्यात झाला. दोनशे पाने, कापडी पुठ्ठा आणि पाठीला कातडे. मग करकचेरीतल्या कारकुनाने माझ्या प्रत्येक पानावर क्रमांक घातला आणि शिक्का मारला, म्हणजे पान फाडले की चोरी उघडी पडावी. माणसांवर असे शिक्के मारायची सोय नाही, म्हणून आम्हाला जन्म घ्यावा लागतो.

१९६२च्या जानेवारीत थ्रासोस आणि त्याचा मेहुणा लेआंद्रोस यांनी मला विकत घेतले. दोघांनी मेणबत्त्यांची नवी कंपनी काढली होती. थ्रासोसला मेणातले कळत होते. हिशोबातले मात्र एवढेच, की तिजोरीत आहे ते आपले. लेआंद्रोसला मेणातलेही कळत नव्हते. तो केसांना तेल लावून खुर्चीत बसत असे, आणि खुर्ची बिचारी काही बोलत नसे.

माझे नशीब एवढेच, की लिहायला एव्हांथियाबाई होत्या. पैसा कुठून आला आणि कुठे गेला, या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय त्या पाणी पीत नसत. पहिल्याच पानावर त्यांनी साचे पाडायचे यंत्र लिहिले, ऐंशी हजार द्राख्मा. दुसऱ्या आठवड्यात थ्रासोसने घरच्या चीजसाठी गल्ल्यात हात घातला, तर तेही मालकाची उचल म्हणून लिहिले.

"चीजसुद्धा लिहिता?" तो म्हणाला.

"कंपनी चीज खात नाही, थ्रासोससाहेब."

डिसेंबरात अकरा गावांचे पाद्री आले आणि ईस्टरच्या मेणबत्त्यांसाठी साठ हजार आगाऊ देऊन गेले. ईस्टर एप्रिलमध्ये. एकही वात अजून मेणात बुडाली नव्हती. पण थ्रासोसने ती रक्कम सरळ विक्रीत लिहायला लावली, आणि लेआंद्रोस दुसऱ्याच दिवशी वाट्याच्या भरवशावर स्वतःच्या खिशातून मोटारीचा इसार देऊन आला. रंगही ठरवला, आकाशी. दुसऱ्या अर्ध्यावर थ्रासोसने डोळा ठेवला होता. एकतीस डिसेंबरला नफा दिसत होता अडुसष्ट हजार चारशे. दोघे अर्धे अर्धे वाटून घ्यायला बसलेच होते.

तेव्हा एव्हांथियाबाईंनी माझे बेचाळिसावे पान उघडले आणि वर्षअखेरच्या नोंदी घातल्या. पाद्रींचे साठ हजार विक्रीतून काढले आणि कंपनीच्या देण्यात, म्हणजे फेडायच्या रकमेत, टाकले. मेणात हात भाजणाऱ्या नऊ बायकांची शेवटच्या आठवड्याची मजुरी द्यायची होती, दोन हजार सातशे. ती खर्चात धरली. यंत्र वर्षभर झिजले, त्याचा घसारा आठ हजार. ऑक्टोबरात वर्षाचे भाडे भरले होते, त्यातले नऊ महिने अजून सरायचे होते, म्हणून नऊ हजार नफ्यात परत आले. ही एकच नोंद थ्रासोसला चटकन कळली. शेवटी नफा उरला सहा हजार सातशे.

"माझे साठ हजार कुठं गेले?"

"कुठं जाणार? तिजोरीतच आहेत. पण मेणबत्त्या पोचेपर्यंत आपले नाहीत. ते वाटून घेतलेत तर फेब्रुवारीत मेण कशातून आणायचं? आणि मेण नाही तर त्या नऊजणी काय करतील?"

"तिजोरी माझी, आणि पैसे माझे नाहीत? फाडा ते पान."

"फाडा. पुढच्यावर त्रेचाळीस छापलंय."

थ्रासोसने माझ्याकडे पाहिले. असली नजर मी पुष्कळ पाहिली आहे. चोर कुलपाकडे असाच पाहतो. "नवीन वर्षाचा केक कापून झाला की तुमचाच हिशोब करून टाकतो, एव्हांथियाबाई," तो म्हणाला. "वाटप त्याच दिवशी जाहीर करणार." त्या रात्री बाईंनी आपली टाचण्यांची डबी घरी नेली. मला खरेच वाईट वाटले.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी कंपनीत नवीन वर्षाचा केक कापला. आत एक सोन्याचे नाणे, तीनशे द्राख्मांचे, कंपनीच्या गल्ल्यातून घेतलेले. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचे, अशी आमच्याकडची रीत. नऊ बायका आणि त्या अकरा पाद्रींपैकी वृद्ध पापा-आंथिमोस जमले होते. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा कंपनीचा. सुरी कंपनीच्या तुकड्यातच खट्ट वाजली. थ्रासोसने नाणे पुसले आणि खिशात टाकले. "कंपनी म्हणजे मीच की," तो हसला. बायका हसल्यासारखे करून जमिनीकडे पाहू लागल्या. एका बाईची आठवड्याची मजुरी तेवढीच होती.

एव्हांथियाबाईंनी मला उघडले आणि मोठ्याने म्हणत लिहिले, "थ्रासोस यांच्याकडून कंपनीला येणे, सोन्याचे नाणे एक." नव्या वर्षाच्या पानावर लिहिले. रागातसुद्धा त्यांनी वर्ष चुकवले नाही.

पापा-आंथिमोस दाढीवरची साखर झटकत थांबले. "बाई, कंपनीचं नाणं यांच्या खिशात जातं, तर आमचे साठ हजार कुठायत?"

बाईंनी बेचाळिसावे पान काढून शांतपणे वाचले. अकरा गावांना देणे.

"उद्या प्रार्थनेनंतर मी हेच वाचून दाखवतो," पाद्री म्हणाले. "लोकांना बरं वाटेल, पैसे जपलेत म्हणून."

थ्रासोसने नाणे टेबलावर ठेवले. वाटपाचे नाव निघाले नाही, आणि बाईंचा हिशोबही झाला नाही. फेब्रुवारीत मेण आले, ईस्टरच्या रात्री अकराही गावे उजळली. लेआंद्रोसचा इसार बुडाला. थ्रासोस मात्र मरेपर्यंत सांगत राहिला, की त्याच्या काटेकोरपणानेच कंपनी तरली.

हे हॉटेल त्याच्या नातवाचे. त्याने मला बेचाळिसाव्या पानावर उघडून ठेवले आहे, कारण तिथले अक्षर सुंदर आहे. पाहुणे माझा फोटो काढतात. वाचत कोणी नाही.

मित्रांनो, जुन्या वह्यांवरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण त्या वाचा. हा नातू ऑगस्टच्या खोल्यांचे पैसे जानेवारीतच आगाऊ घेतो. काल त्या पैशांतून त्याने मोटारबोट घेतली. रंग आकाशी. ही बातमी फोनवर सांगताना त्याने कॉफीचा कप माझ्यावर ठेवला होता, बरोबर साठ हजारांच्या नोंदीवर.