पंच्याहत्तर टक्के

सूर्यमाळच्या अलीकडच्या पाड्यावर आजवर पंच्याहत्तर टक्के एकाच पोरीला पडले, आणि ती पोर दुसरीच्या पुढे गेली नव्हती. सपना तिचं नाव, वय वीस. लोक तिला डोक्याने कमी म्हणायचे. तिची आई हौशी म्हणायची, "कमी नाय, हळू हाय. हळू त बैलगाडी पन असते, पोचते का नाय?"

हे टक्के पडले ते जव्हारच्या एका शिबिरात, दोन वर्षांपूर्वी. अपंगाचा दाखला निघाला की सरकारच्या निराधार योजनेचा महिन्याचा पगार सुरू होतो, हे ज्ञान हौशीला रोहिदासने दिलं. रोहिदास पाड्यावरचा फॉर्म भरणारा माणूस. बारावी नापास, पण कुठल्या खिडकीवर काय बोलायचं यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. तो म्हणाला, "काकी, डाक्टर इचारील, ह्या येता का, त्या येता का. पोरीनी एकच बोलायचा, नाय येत. एकदा जरी हो बोलली त टक्के गेले."

हौशीचा नवरा तुळशीदास तेव्हा नुकताच वारला होता. थोरला पंकज ठाण्याला बायकोपोरांत रमलेला. घरात दोघीच, आणि मजुरी लावणीपुरती. तेव्हा हौशीने आठ दिवस पोरीची तयारी करून घेतली. सपनाला शिकवायचं म्हणजे एक गोष्ट शंभर वेळा सांगावी लागे, पण एकदा बसली की कायमची बसे. नागलीची भाकर ती अशीच शिकली. खोडाळ्याच्या बाजाराला एसटीने एकटी जाऊन मीठमिरची घेऊन यायलाही अशीच शिकली.

"भाकर येते?" हौशी चुलीपुढे विचारायची.

"येते," सपना भाकर थापता थापता म्हणायची.

"अगो, नाय येत म्हन!"

मग दोघींची हसून मुरकुंडी वळायची. आठव्या दिवशी सपनाने थापलेली भाकर तव्यावर टाकत ठणकावून सांगितलं, "नाय येत." हौशीने तिला जवळ ओढून पापा घेतला. म्हणाली, "आता बरूबर बोललीस."

शिबिरात वीस प्रश्न झाले, वीसदा "नाय येत" झालं. पंच्याहत्तर टक्क्यांचा कागद हातात आला तेव्हा हौशीने पाड्यावर गूळ वाटला. पंकज दहावीला पस्तिसावर कसाबसा सुटला होता, आणि धाकटीने नाव काढलं. हसू नका. टक्के जितके जास्त तितके चांगले, हे तिला पंकजच्या शाळेनेच शिकवलं होतं.

यंदा जव्हारच्या एका कॉलेजात नवा वर्ग निघाला. सपनासारख्या मुलांचाच, पण वेगळ्या खोलीत कोंडून ठेवणारा नव्हे. बाकीच्या पोरापोरींबरोबर तासाला बसायचं, कॅन्टीनमध्ये काम शिकायचं, ग्रंथालयात पुस्तकं लावायची, होस्टेलात राहायचं, आणि दोन वर्षांनी जमलं तर तिथेच नोकरी. जागा फक्त दहा. त्या वर्गाच्या प्राजक्ता मॅडम पाड्यापाड्याने हिंडत हौशीच्या दारात आल्या. सपनाने त्यांना पाणी दिलं, भाकर करून वाढली, आणि परत जाताना स्वतःच्या हाताने एसटीत बसवून दिलं. मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "मावशी, पहिलं नाव हिचंच लिहिते."

त्या रात्रीपासून हौशीला नीट झोप येऊ लागली. आपण मेल्यावर या पोरीचं काय, हा प्रश्न तिने वीस वर्षं उशाला घेतला होता. पंकजची बायको दोन दिवस ठेवेल, तिसऱ्या दिवशी भांडी आपटेल. आणि आता कुणीतरी सांगत होतं की पोर आपल्या पायावर उभी राहील. सपना तर रोज सकाळी उठून विचारायची, "कालिज कवा?" शेवटी हौशीने तिला बाजारातून निळी पिशवी आणून दिली. त्या पिशवीत सपनाने कंगवा ठेवला आणि एक कोरी वही.

मुलाखतीच्या दिवशी गाडीत हौशीने तिला समजावलं, "तिठं सायब इचारतील. बरूबर बोल. बरूबर बोललीस त कालिज."

सपनाने मान डोलावली. चूक झाली ती एवढीच. बरोबर बोलणं म्हणजे काय, हे पोरीला कोणी शिकवलं होतं, हे हौशीच्या ध्यानातच आलं नाही.

खोलीत मोठं टेबल होतं, टेबलामागे तीन माणसं, पुढ्यात कागद. अगदी शिबिरातल्यासारखं. सपना ताठ बसली. मधोमध प्रवेश कमिटीचे अध्यक्ष दामोदर सर होते. माणूस वाईट नव्हता, आवाजही मऊ होता. त्यांनी विचारलं, "काय गं, स्वयंपाक येतो का तुला?"

सपनाने एकदा आईकडे पाहिलं आणि खणखणीत सांगितलं, "नाय येत."

शेजारी बसलेल्या प्राजक्ता मॅडम हसल्या. "अगं, मला भाकरी वाढलीस ना त्या दिवशी?"

"नाय येत."

"बरं, एकटी एसटीत बसतेस ना?"

"नाय येत."

दर उत्तराला ती वळून आईकडे बघत होती. शाबासकी मागणारे डोळे. हौशी उठून टेबलापाशी गेली. "सायब, तिला समदा येता. मीच शिकवलाय तिला नाय म्हनाया. दाखल्यापायी."

दामोदर सरांनी दाखला पुढे ओढला आणि चष्मा लावला. "बाई, यात लिहिलंय की मुलगी रोजच्या प्रत्येक कामाला दुसऱ्यावर अवलंबून आहे. आमचा वर्ग स्वतःचं स्वतः करणाऱ्या मुलांचा. तिला सगळं येत असेल तर हा दाखला खोटा, आणि ते मला वर कळवावं लागेल. दाखला खरा असेल तर ती आमच्या वर्गात बसत नाही. बोला, काय लिहू?"

"नवीन दाखला काढता येईल, सर," मॅडम घाईने म्हणाल्या.

"काढा की. पण त्यासाठी आधी हा खोटा होता म्हणून सांगावं लागेल. आणि दाखल्याशिवाय प्रवेश नाही. यादी आज जाणार आहे."

म्हणजे दाखला आहे म्हणून प्रवेश नाही, आणि फाडला तर दाखला नाही म्हणून प्रवेश नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहून उत्तर द्यायचं कोणी, तर अंगठा उठवणाऱ्या बाईने. मला तर त्या टेबलाला लाथ मारावीशी वाटते. हौशीला तसलं काही सुचलं नाही. तिला बंद पडलेला पगार दिसला, लावणीनंतरचे बिनमजुरीचे महिने दिसले, रोहिदास म्हणाला होता ते आठवलं, "खोटा निघाला त पोलीस येतील, काकी." मॅडमनी मान खाली घातली होती.

"खराच हाय दाखला," हौशी म्हणाली. "काय नाय येत तिला."

सरांनी लिहून घेतलं. सपना खुशीत उठली, निळी पिशवी खांद्याला लावली आणि वाकून तिघांच्या पाया पडली.

डेपोत खोडाळ्याची गाडी लागली होती. सपना बाकावर बसली ती उठेचना.

"बरूबर बोलले ना मी, आये?"

"बोललीस."

"मंग कालिजात चल. तूच बोललीस, बरूबर बोललीस त कालिज."

"फुडल्या साली जाऊ. ऊठ."

"आज. मी बरूबर बोलले."

कंडक्टरने हाक मारली. गाडी सुटली असती तर दुसरी संध्याकाळी, आणि मग खोडाळ्याहून पुढे गाडी नाही, पाड्यापर्यंत अंधारात चालायचं. हौशीने तिला ओढून पाहिलं. वीस वर्षांची धडधाकट पोर, ती जागची हलेना. लोक बघायला लागले. मीच चुकले गं, हे हौशीच्या तोंडाशी आलं होतं, पण ते या पोरीला कसं समजवायचं, आणि किती दिवस? कंडक्टरने दुसऱ्यांदा हाक मारली, माणसं गाडीत चढू लागली.

"तूच चुकलीस," हौशी ओरडली. "तुला काय नाय येत. म्हनून नाय घेतला तुला!"

सपना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आई आता हसेल म्हणून तिने वाट पाहिली. मग ती उठली आणि गाडीच्या दारापाशी जाऊन पायरीपुढे थांबली. मागची माणसं खोळंबली. तिने हात पुढे केला.

"चढव मला, आये," ती म्हणाली. "मला नाय येत."

हौशीने तिला दंडाला धरून वर घेतलं.