गोड्या पाण्याचा नमुना

दीपिकाने स्वयंपाकघराचं दार पायाने लोटलं आणि विकतच्या पाण्याचा जार तिरपा केला. बाटलीचं तोंड अरुंद होतं. धार हलली, आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मागे माडांत तिची सासू काशीबाई विहिरीवर रहाट ओढत होती. पाणी कुणालाच नको होतं. नुसता आवाज पडवीपर्यंत जायला हवा होता.

पडवीत जिल्ह्याहून आलेले साहेब गुळाचा खडा तोंडात घोळवत बसले होते. ऊन मी म्हणत होतं. विहिरीपर्यंत जायचा त्यांना कंटाळा आला होता, म्हणून त्यांनीच नमुन्याची बाटली पुढे केली होती.

"ताई, तेवढं विहिरीचं भरून आणा बघू."

त्यांच्या बाजूला, पायरीवर, अवनी बसली होती. दत्ताराम मच्छीमाराची मुलगी, अजून कॉलेजात जाणारी. विहिरी खारट झाल्याचे तिने अर्जावर अर्ज केले तेव्हा कुठे हे साहेब वाडीत उगवले होते.

दीपिकाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. पदराने ती बाहेरून पुसली, मग वाटलं, विहिरीवरून आणलेली बाटली अशी कोरडी कशी असेल? तिने नळाखाली हात ओला करून बाटलीवर फिरवला. एवढं सगळं सुचलं याचंच तिला नवल वाटलं.

साहेबांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. पाण्याचा तांब्याही तिने जारमधूनच भरून आणला होता. साहेब भांडंभर प्यायले.

"गोड आहे की. खाडीला लागून पहिली विहीर तुमची. हिचंच पाणी गोड, तर वरच्या विहिरी खारट कशा होतील?" ते अवनीकडे वळून म्हणाले.

अवनीने तांब्या उचलला, भांड्यात थोडं पाणी ओतून घेतलं आणि प्यायली. मग भांड्यात बघत राहिली. आता ही तोंड उघडणार, दीपिकाला वाटलं. इतक्यात तीन वर्षांची अनुजा घरातून धावत आली आणि आईच्या मांडीला बिलगली. तिच्या मानेवर, कोपरांच्या खोबणीत लालसर पुरळ उठलं होतं, खाजवून खाजवून त्यावर खपली धरलेली. अवनीची नजर तिथे गेली. तिने रिकामं भांडं घरापुढच्या खळ्यातल्या नळावर धुतलं, उपडं घातलं आणि चपला घातल्या.

"येतंय, वहिनी," ती म्हणाली.

दीपिका माहेरची बांद्याची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. खाडीच्या तळातली वाळू सक्शन पंपाने ओढून काढली की समुद्राचं पाणी कुठवर आत शिरतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिवाळीपासून डाळ शिजेनाशी झाली तेव्हा तिने विहिरीच्या पाण्याचा घोट घेऊन थुंकला होता. तेव्हापासून पिण्याला आणि चुलीला जार. अंघोळीला, धुण्याला विहीर. जार परसदारी उतरवून घ्यायचा, हा नियम काशीबाईचा. आणि ती वाळू ज्या डंपरांतून जायची त्यातला एक दीपिकाच्या नवऱ्याचा, विनीतचा, समोरच्या फणसाखाली उभा असायचा.

अवनी त्याच डंपरांपुढे आडवी उभी राहिली होती. एकटी, पाठीला कॉलेजची सॅक. तेव्हापासून वाडीतली माणसं तिला 'कलेक्टरीण' म्हणायची. पारावरून कुणी ओरडायचं, "कलेक्टरीणबाय, आमच्याकडचा पाणी चाखूक कधी येतंस?" आणि ती खरंच जायची. मध्यंतरी दत्तारामची जाळी कुणीतरी कापून टाकली. आठवडाभर बापलेक खळ्यात बसून ती विणत होते, आणि येणारेजाणारे दुसरीकडे बघत जात होते. दीपिकाही.

संध्याकाळी काशीबाई बातमी घेऊनच आली.

"उद्या ती अवनी देवळात गाऱ्हाणां घालूक सांगतली हा. नारळ घेवन गंगारामाकडे गेललां चेडू."

दीपिका अनुजाला मलम लावत होती. तिचा हात थांबला.

"कसलं गाऱ्हाणं?"

"कसला म्हणजे? जेणी पाणी बदललान तेचा. देवाक सांगतली. आता काय ता तूच समज."

"काय होवचा नाय," विनीत दारातून म्हणाला. "तू शिकलेली ना गो? देवाक भितंस?"

"तुम्ही नाही भीत?"

तो किल्लीने कानातला मळ काढत राहिला.

देवाला ती भीत नव्हती, असं ती लग्नाआधी मैत्रिणींना ठासून सांगायची. पण मूल झालं की भीतीला कुठूनही वाट मिळते. या गावात रवळनाथापुढे एखाद्याचं नाव घेऊन गाऱ्हाणं झालं, आणि उभा गाव त्याला 'व्हय महाराजा' म्हणाला, की पुढे त्या घरात साधी म्हैस आटली तरी माणसं मान हलवायची. आणि या घरात मूल होतं. मानेवर पुरळ असलेलं.

न जाण्याची सोय नव्हती. न जाणं म्हणजे कबूल केल्यासारखंच.

देवळात दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. गंमत बघायला आलेली. डंपरवाले खांबांना टेकून एका बाजूला उभे होते. विनीत त्यांच्याकडे न जाता दीपिकाच्या शेजारीच उभा राहिला, अनुजा त्याच्या कडेवर. काशीबाई म्हाताऱ्या बायकांत जाऊन बसली. दीपिकाने अनुजाच्या फ्रॉकची कॉलर वर ओढून मान झाकली.

देवळाचा म्हातारा मानकरी गंगाराम गावकार गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. त्याने हात जोडले आणि डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, ह्या गावच्या राखणदारा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

"आज ह्या दत्तारामाच्या चेडवान, अवनीन, तुझ्या पायाकडे नारळ ठेयलो हा. तो मान्य करून घे रे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

दीपिकाने विनीतचा दंड धरला. तो सवयीने सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत होता.

"तिचा मागणा काय? तर, खाडीकडच्या वाडीत एक बारका लेकरू आसा. तेच्या आंगार पुरळ इली हा, मलम-वकद लागू पडना नाय. ता लेकरू बरा कर रे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि त्या लेकराच्या आयेक बळ दी. खरा बोलताना तिका कोणाचो धाक वाटू नये. आणि बोलूक जमला नाय, तरी तिच्यार कसलो कोप करू नको. तिका सुखी ठेव रे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" देऊळ म्हणालं. विनीतचा आवाज यावेळी अर्ध्यात तुटला.

कुणाचंही नाव घेतलं नव्हतं, तरी बायकांच्या रांगेतून दोनचार माना दीपिकाकडे वळल्या. शाप तिने रात्रभर तोलून पाहिला होता. त्याला काय उत्तर द्यायचं, कुठे बघायचं, तोंड कसं ठेवायचं, सगळं ठरवून आली होती. याची तयारी तिच्याकडे नव्हती. कानांच्या पाळ्या तापल्या. अनुजाच्या मानेवर तिने ओढलेली कॉलर आता तिलाच बघवेना.

गंगारामने डोळे उघडले. "आणि पाण्याचा काय गो? डंपरांचा?"

"ता माझा मी बघतलंय," अवनी म्हणाली. "देवाक इतक्याच."

खांबाकडून कुणीतरी हसलं. अवनी नमस्कार करून बाहेर पडली. दीपिका गर्दीतून वाट काढत तिच्यामागे गेली. पायरीवर अवनी चपला शोधत होती. तिची एक चपल कुणीतरी मुद्दाम लांब, तुळशीपाशी भिरकावून दिली होती. लंगडी घालत जाऊन तिने ती पायात सरकवली. चेहऱ्यावर रागाचं नावही नव्हतं.

"तुला काल कळलं होतं," दीपिका म्हणाली.

"हो."

"मग साहेबांसमोर का नाही बोललीस? तुझं सगळं काम गेलं ना त्या बाटलीने."

अवनीने डोकं खाजवलं. घरच्या मालवणीतून ती शहरी मराठीत आली, शाळेतल्या बाईंशी बोलावं तशी.

"मी बोलले असते तर साहेब उठून विहिरीवर गेले असते. मग गाडीत बसून निघून गेले असते. मीपण घरी गेले असते. त्या घरात राहणार कोण होतं, वहिनी? तुम्हीच ना."

"मी तुझ्या जागी असते तर..."

"तुम्ही खूप घाबरलेलात. भांडं देताना हात केवढा थरथरत होता. मला बघवलं नाही. करीन परत अर्ज. साहेब यायला तसा वेळ लावतात, पण येतात. अनुजाला अंघोळीलापण जारचंच पाणी घेत जा. तुम्हाला नाही जमलं तर आमच्याकडे आणा, आमची विहीर अजून बरी आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर दीपिकाला सोसलं असतं. तिने तो शोधलाही. नव्हता. नऊ-दहा वर्षांनी लहान पोर, तिने दीपिकाच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं होतं, आणि दीपिकाने तिच्या कापलेल्या जाळ्यांकडे पाहायचं टाळलं होतं.

"जातंय मी. बापूस वाट बघता," अवनी म्हणाली आणि उतरणीला लागली.

आतून गंगारामचा आवाज आला. देऊळ बंद करण्यापूर्वीचा नेहमीचा प्रश्न.

"आणखी कोणाचा काय सांगणा आसा?"

माणसं उठायला लागली होती. दीपिका उलट्या दिशेने आत शिरली. गाभाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली तेव्हा आजूबाजूची कुजबूज थांबली. पाठीमागे विनीत असणार, हे तिला न बघता ठाऊक होतं.

"नारळ खंय?" गंगारामने विचारलं.

"आणला नाही."

"असांदे. कानात सांग. मी देवाक सांगतंय."

कानात सांगायला ती पुढे वाकली. मग सरळ उभी राहिली आणि मोठ्याने, तहसील कचेरीत बोलतात तसल्या मराठीत बोलली.

"आमच्या विहिरीचं पाणी खारट झालंय. काल साहेबांना जी बाटली दिली ती मी विकतच्या जारमधून भरली. असं सांगा."

गंगारामने तिच्या डोक्यावरून मागे पाहिलं. खांबांकडे, बायकांकडे, मग कडेवर मूल घेतलेल्या माणसाकडे. सभामंडपाची नवी फरशी डंपरवाल्यांनीच घालून दिली होती. म्हाताऱ्याने ओठांवरून जीभ फिरवली. मग हात जोडले, डोळे मिटले आणि तिचं वाक्य न वाक्य देवाला मालवणीत सांगितलं. काही गाळलं नाही.

"...असा ह्या लेकीचा म्हणणा आसा, तेची साक्ष तू ठेव रे, महाराजा!"

'व्हय महाराजा' कुठूनच आलं नाही.

गावाने होकार भरल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि ज्याचं गाऱ्हाणं त्याने स्वतः होकार भरायचा नसतो. गंगाराम मिटल्या डोळ्यांनी तसाच थांबून राहिला. समईतली वात चरचरली. दीपिका देवाकडे बघत होती. मागे वळून बघायची तिची छाती नव्हती. बायकांच्या बाजूने बांगड्या किणकिणल्या, थांबल्या. अनुजाने बापाला काहीतरी विचारलं, त्याने तिला गप्प केलं.

मग मागे कुणीतरी, होकार भरण्याआधी खाकरावा तसा, घसा खाकरला. तो विनीतचा, हे तिने न वळता ओळखलं.