पाणकणसातला पक्षी

वहिनी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं कामाला होत्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, पेशी मोजायच्या, दिसेल तेवढंच लिहायचं, ही त्यांची हाडीमाशी खिळलेली सवय. त्यामुळे कामावर जाताना पंपघरामागच्या दलदलीत एक अनोळखी पक्षी दिसला, तेव्हा त्यांनी सायकल उभी केली आणि पर्समधल्या कागदावर चार ओळी टिपून घेतल्या.

संध्याकाळी तो कागद त्यांनी धाकट्या दिरापुढे ठेवला. भाऊजींनी नकाशे काढण्यात नोकरी घालवली होती. गावातल्या पक्ष्यांची नोंदवही तीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. त्या वहीत जो पक्षी नाही तो गावात आलाच नाही, असं सगळे मानत. भाऊजी तर नक्कीच.

"ढोकरी," कागदाला हात न लावताच त्यांनी निकाल दिला.

"ढोकरी बगळा मी रोज बघते. हा वेगळा होता."

"वहिनी, उजेड कमी असला की भलभलतं दिसतं."

"सकाळचे पावणेनऊ वाजले होते, भाऊजी. वर लिहिलंय."

भाऊजींनी नाइलाजाने चष्मा चढवला. दुसऱ्या ओळीवर ते अडखळले. "उडाला होता का?"

"हो, थोडासा."

"ढोकरी उडाली की पंख पांढरेशुभ्र दिसतात."

"याचे नाही दिसले. अंग पिवळट आणि पंखांच्या कडा डांबरात बुडवल्यासारख्या काळ्या."

भाऊजी बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. "उद्या दाखवा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लवकरच दोघं दलदलीवरच्या मोरीच्या कठड्यापाशी उभी राहिली. भाऊजी दुर्बीण फिरवून फिरवून थकले.

"त्या वाकड्या विजेच्या खांबाच्या डावीकडे. मोडलेल्या पाणकणसाला लागून," वहिनी हळूच म्हणाल्या.

"तिथे नुसती कणसंच आहेत."

"त्यातल्या एकाला डोळा आहे."

तरी त्यांना दिसेना. पक्षी चोच आभाळाकडे करून ताठ उभा होता. गळ्यावरचे तपकिरी पट्टे हुबेहूब काड्यांसारखे. वारा आला की कणसं डोलत, त्यांच्याबरोबर तोही डोले. मग पाण्यात काहीतरी हललं, चोच सपकन खाली आली आणि बेडूक गट्ट झाला.

"अरेच्चा!" भाऊजींचा आवाज एकदम खाली आला. "तापस. पिवळा तापस आहे हा."

"नाव शोभतंय," वहिनी म्हणाल्या.

त्यांना वाटलं होतं, भाऊजी खूश होतील. पण ते कठड्यावर बसून राहिले.

"आठ वर्षांपूर्वी वायरमन आला होता माझ्याकडे. या खांबावर चढला असताना त्याने वरून पाहिला होता. चोच वर, काळे पंख, सगळं बरोबर सांगत होता. मी हसण्यावारी नेलं. दोनदा आला बिचारा. शेवटी त्याच्या नावापुढे मी ढोकरी लिहून टाकली."

"मग आता?"

"पहिली नोंद त्याची, वहिनी."

वहिनींना जरासं लागलं. आदल्या रात्री त्यांनी वहीतलं आपलं नाव मनातल्या मनात वाचूनही पाहिलं होतं. पण एकाच्या नमुन्यावर दुसऱ्याचं नाव घालायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"त्याचंच लिहा," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी पट्टी ठेवून 'ढोकरी'वर रेघ मारली, वर 'पिवळा तापस' लिहिलं आणि बाजूला सही केली. रविवारी वहिनींना बरोबर घेऊन ते वायरमनकडे गेले. तोही आता निवृत्त होता, ओट्यावर मिक्सर उघडून बसला होता. भाऊजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि चूक कबूल केली. वाटेत त्यांनी त्याची दोन वेळा उजळणी केली होती.

वायरमनने डोकं खाजवलं. "खांबावरून मी काय काय बघितलंय, साहेब. पक्षी काही आठवत नाही. पण तुम्ही म्हणताय तर असेल." मग वहिनींकडे वळून त्याने विचारलं, "खातो काय तो?"

"बेडूक."

"असं होय," म्हणत त्याने पुन्हा स्क्रू पिळायला घेतला.

परतताना भाऊजी कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "बाकीच्या ढोकऱ्याही तपासायला हव्यात."

"किती आहेत वहीत?"

"चारशेच्या वर."

"जेवून बसू," वहिनी म्हणाल्या.