फिक्या झाडाचा डोळा

"विहिरीजवळचं झाड काऊन तोडलं वं आजी?"

सुलोचनाबाई वाळलेल्या संत्र्याच्या कलमाशी उकिडव्या बसल्या होत्या. नवरा, नानाजी, वारल्यावर खात्रीची, बिनरोगाची म्हणून आणलेली ही कलमं उभ्याउभ्या सुकत होती. कृषी कॉलेजात शिकणारी नात जागृती तिथं या कलमांची पानं तपासून आली होती.

"रोगट होतं ते. जनमभर फिक्कं."

"फिक्कं होतं, पन मेलं काय? त्याचा विषानू नरम होता. या कलमाइले त्याचाच कडक भाऊबंद लागला. नरमवाला पेशीत आधी घुसला, का कडकाले आत येऊ देत नाई."

"भाऊबंदकीच म्हन ना! आधी आला त्यानं दार लावून घेतलं."

जागृती हसली. "तसंच. त्याच्या फांदीवरचा फुटव्याचा डोळा काढून या कलमाइवर बांधला असता, तर नरमवाला या झाडाइत आला असता. राखन झाली असती."

सुलोचनाबाई हसल्या नाहीत. कारंजा गावाच्या आसपास कलमं बांधायला त्यांच्यासारखा हात नव्हता. नानाजी दुपारची भाकर त्या फिक्या झाडाखालीच खात. एकदा त्याची काडी घेऊन आले. म्हणाले, "याचा एक डोळा बांध वं."

"रोगट्याचा डोळा? माह्या हाताचं नाव घालवता काय?"

बांधावरच्या बायका खो खो हसल्या. नानाजींनी काडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

"एखादी जिती फांदी असन त्याची, आजी? कुठंबी?"

"चुलीत गेलं सारं."

बोलता बोलता त्यांची नजर अंगणात गेली. कपड्यांच्या दोरीला टेकू दिलेलं बेचकं त्याच झाडाचं होतं. त्या उठल्या. कमरेचा चाकू काढला, दोरी उतरवली आणि साल खरवडली. आत हिरवं नव्हतं. खाली खरवडलं, वर खरवडलं, बेचक्याच्या काखेत खरवडलं. ओले कपडे मातीत लोळत होते.

"राहू दे ना आजी. वाळलं ते."

"मले दिसून राह्यलं."

एका सुकलेल्या डोळ्यापाशी चाकू थांबला. त्याच्याभोवतीची साल त्यांनी अलगद कापली, जिवंत डोळा काढतात तशी.