खो

वच्छलाबाईंनी लेकीच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि आपल्या कमरेला खोचलं.

अर्पिता हरभऱ्याच्या सरीत उकिडवी बसली होती, तशीच बसून राहिली. पेपर आठ दिवसांवर आहेत, अभ्यासाला सुटी दिलीय, असं सांगून ती परभणीहून आली होती. मग पुस्तक सोडून गवतात हात घालायचं काय कारण, हे वच्छलाबाईंना कळेना. शिकणाऱ्या पोरीनं मातीला शिवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. नवरा-बायकोनं ऊसतोडीत तळहातांची सालटं काढून घेतली ती कशासाठी, असं त्या गल्लीभर ऐकवत.

त्याच नेमापायी दहावीनंतर खो-खो सुटला. बोरीच्या शाळेत अर्पिता पळायला लागली की मास्तर हातातला चहा विसरायचे. वच्छलाबाईंनी एकच सामना पाहिला होता. आठ पोरी ओळीनं बसलेल्या आणि एकटी पळणारी. पळणारीनं बसलेलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं, मग बसलेली उठून पळणार आणि दमलेली तिच्या जागी बसणार. एकदा अर्पितानं हात लावला, पण धापेनं तोंडातून शब्दच फुटला नाही आणि पंचांनी शिट्टी वाजवली. हात लागूनही शब्दावाचून उठायचं नाही, हा नियम बाईंना मोठा गमतीचा वाटला होता. पुढे त्यांनीच तिला आता पळणं पुरे म्हणून सांगितलं आणि खेळाच्या शर्टाचं पोतेरं केलं. ते अजून चुलीपाशी आहे.

आता पोरगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आल्यापासून पुस्तकाचं एकच पान उघडं होतं आणि ताटातली भाकर चिवडलेली. बाईंनी दूध दिलं, डोक्याला तेल चोळलं, तिच्या बापाला टीव्ही बंद करायला लावला. लक्ष लागावं म्हणून तिचा फोनसुद्धा स्वतःच्या पिशवीत ठेवला. घरात सगळे चवड्यांवर चालत होते.

तो फोन आता शेताच्या धुऱ्यावर, बांधाला ठेवलेल्या पिशवीत वाजला. परभणीला अर्पिताच्या खोलीत राहणारी निकिता बोलत होती. पेपर सुरू होऊन दोन झाले होते. पहिल्या पेपराला अर्पिता कोरी उत्तरपत्रिका देऊन उठली, दुसऱ्याला गेलीच नाही.

खरं तर वच्छलाबाईंचा पारा चढायला हवा होता, पण त्यांनी फोन नुसता पिशवीत परत ठेवला. त्या सरीत परत आल्या.

“खरं हाय का गं?”

अर्पितानं मान डोलावली.

“लय वाचायले आई, डोक्यात काहीच थांबत न्हाई,” ती मातीकडं बघत म्हणाली. “शाळंत दमलं की खो देता यायचा. इथं द्यायला कुणीच न्हाई. खुरपं हातात घेतलं तर जरा बरं वाटायलं होतं. ते बी तू काढून घेतलंस.”

वच्छलाबाईंनी कमरेचं खुरपं तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उचललं नाही. मघा जे हातात घेऊन तिला बरं वाटत होतं, त्याच्याकडं तिनं आता बघितलंही नाही, हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं.

मग त्या लेकीकडं पाठ करून सरीतच बसल्या. शाळेतल्या पोरी बसायच्या तशा, तळहात जमिनीला टेकवून. गुडघे कुरकुरले. पलीकडच्या धुऱ्यावरून तिचा बाप भागवत काम थांबवून बघत होता. बघेना का.

“दे खो,” त्या म्हणाल्या. “मी पळते. तू बस जरा.”

 मग पाठीवर हात आला.  वच्छलाबाईंनी कान टवकारले, पण मागून नुसते हुंदके येत राहिले. शब्द आल्याशिवाय उठायचं नसतं, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.