पारड्यातला पाय

मी एक जुनी पोलादी पट्टी, बोटभर रुंद, सहा भोकांची. सध्या मुक्काम विजयाबाईंच्या बटणांच्या डब्यात. मित्रांनो, एके काळी मी एका माणसाच्या नडगीवर राहत होते, हे बटणांना कितीदा सांगितलं, पण पटत नाही.

तो माणूस म्हणजे विजयाबाईंचे यजमान जगदेवराव. आधी ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत होते, संस्थान विलीन झाल्यावर सरकारी कचेरीत दफ्तरी झाले. छप्पन साली फायलींची पेटी पायावर पडली आणि नडगीचे दोन तुकडे झाले. डॉक्टरांनी मला स्क्रूंनी हाडावर बसवलं. सगळा भार आपणच घ्यायचा, असं मी ठरवलं.

विजयाबाईंनीही तेच ठरवलं. "अहो, पाय टेकवायचा नाही म्हणजे बिल्कुल नाही! मी आहे ना!" पाणी खाटेवर, जेवण खाटेवर.

मला कुतूहल होतं हाडाच्या पेशींचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कामकरणी नवं हाड रचतात म्हणे. माझ्या पाठीला चिकटल्या होत्या खऱ्या, पण सगळ्या सुस्त.

तीन महिन्यांनी पायाचा एक्स-रे फोटो काढला, तर दोन तुकड्यांमधली फट तशीच! इकडे कचेरी नोव्हेंबरात भोपाळला हलायची होती. साहेबांनी बजावलं होतं, स्वतःच्या पायांनी जिना चढेल तोच सोबत येईल, बाकीच्यांनी घरी बसायचं. जगदेवराव खाटेवरून भिंतीवरच्या कॅलेंडरातले दिवस मोजत.

"डॉक्टरसाहेब, जमीनसुद्धा लागू दिली नाही मी," विजयाबाई म्हणाल्या.

"तीच तर गडबड झाली! ताण पडल्याशिवाय पेशींना कळणार कसं की काम आहे? रोज दहा सेर भार द्या. मग हळूहळू वाढवा."

दहा सेर मोजायचे कसे? विजयाबाईंनी टांगा केला आणि थेट माधवगंजात दौलतसिंहांचं धान्याचं दुकान गाठलं. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात जगदेवरावांचा पाय! गिऱ्हाइकं गहू सोडून बघत राहिली.

"दबाओ बाऊजी, थोडा और!" दौलतसिंह म्हणाले.

पारडी समान झाली आणि मी केसभर वाकले. लाजच वाटली, पोलाद ना मी! पण त्या वाकण्यासरशी शेजारच्या पेशी खडबडून जाग्या झाल्या. त्यांना कान नाहीत, डोळे नाहीत, मग ताण कळतो कसा? मी अजून विचार करते आहे. दहाचे वीस सेर झाले, विसाचे चाळीस, आणि फट भरत आली.

ऑक्टोबरात जगदेवराव कचेरीचा जिना चढू लागले. चौथ्या पायरीवर अडखळले. विजयाबाईंचा हात पुढे गेला, तिथेच थांबला आणि पदराआड झाला. मी भार घ्यायला सरसावले, तर हाडानं तो आधीच उचलला होता. माझ्या वाट्याला जेमतेम थोडा आला. खरं सांगते, मला भरून आलं.

वरच्या पायरीवरून जगदेवरावांनी विजयाबाईंना हाक मारली, "अहो, ऐकलंत का? भोपाळचं सामान बांधायला घ्या!"

दोन वर्षांनी मला काढलं. मित्रांनो, ज्याच्यावर माया आहे त्याची काळजी जरूर घ्या, पण त्याचं सगळं ओझं उचलू नका. मी पोलाद असून मला हे वाकल्यावरच कळलं.