जिवंत डोस

वल्लरीने मेबलची शेपटी बाजूला धरली आणि असा घाण वास आला की तिने श्वासच रोखला. व्यायल्यापासून मेबलच्या गर्भाशयात पू, अंगात ताप, अँटिबायोटिक्सचा उपयोग शून्य, आणि आता तर गाय उठेचना.

"तुझे बॅक्टेरिया हिच्या काही कामाला आले नाहीत," फार्मचा मालक डेल इंग्रजीत एवढंच म्हणाला आणि ट्रकमधली बंदूक आणायला गेला.

निरोगी गायींच्याच अंगातून काढून वल्लरीने लॅबमध्ये वाढवलेले ते बॅक्टेरिया, दह्यातल्यांचेच भाऊबंद म्हणा ना. गाय व्यायच्या आधी योनीमार्गात सोडायचे, म्हणजे वाईट जंतूंना जागाच उरत नाही. आयडिया भारीच होती यार, पण डोस दिलेल्या गायी एकामागून एक आजारी पडत होत्या. आज तिचे पीएचडीचे गाइड, सर, ही ट्रायल बंद करणार होते, म्हणजे तिची पीएचडीही गेलीच.

"चल, पुढची गाय उरकू," सिद्धेश म्हणाला. तो महाराष्ट्रातून व्हेटर्नरी करून मिशिगनला आलेला, वल्लरीनेच सरांना सांगून त्याला प्रोजेक्टमध्ये घेतलेलं. फार्मवर डोस तोच द्यायचा. ती लॅब सोडून आज पहिल्यांदा आली होती, मेबलसाठी.

त्याने डोसची नळी बादलीतल्या तपकिरी पाण्यात बुडवली आणि तशीच ओली सिरिंजला लावली.

"ते काय आहे?"

"आयोडीन."

"दरवेळी बुडवतोस?"

"मग? कॉलेजात नळी बुडवली नाही तर वर्गाबाहेर काढायचे. तुम्हा लॅबवाल्यांना काय कळणार. गायीलाही आधी आतून ह्यानेच धुतो. एक जंतू शिल्लक राहत नाही."

"आणि ह्यातले माझे?" वल्लरीने सिरिंजकडे बोट दाखवलं.

"राहत नाही," तो पुन्हा म्हणाला, खूप हळू. हातातली सिरिंज त्याने खाली ठेवली.

तेवढ्यात मागे गोळीचा आवाज झाला. गोठ्यातल्या सगळ्या गायींनी माना वर केल्या, आणि जरा वेळाने पुन्हा चाऱ्यात घातल्या.

वल्लरीने बादली उचलून गटारात ओतली आणि फोन काढला.

"सरांना सांगणार?"

"सांगावंच लागेल. एकाही गायीला जिवंत डोस गेलाच नाही. ट्रायल अजून झालीच नाहीये."

"माझं नाव घेशील?"

तिकडे रिंग जात होती.

"आमच्या हातून झालं, असं सांगते," ती म्हणाली. "तू नळी धुवायला साधं पाणी आण."